कॅसेटमधला ओढा

"यातला रंग कुणीतरी काढून घेतलाय."

सुहास मगदूमने कॅसेट घातलेला कॅमेरा आणि लॅपटॉप टेबलावर ठेवले.

नबीसाहेब वस्ताद एका जुन्या रेडिओत डोकं घालून बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "रंग नेला आणि चित्र ठेवून गेला? भला माणूस दिसतोय."

"चेष्टा नको, वस्ताद. उद्या सुनावणी आहे."

वस्तादांनी सोल्डरिंगची गन खाली ठेवली.

शाळेत असताना सुहास सुट्टीत याच टेबलाशी बसून तारा जोडायला शिकला होता. मग शहरात गेला, एमएस्सी झाला. पाच वर्षांत दुकानाची पायरी आज पहिल्यांदा चढला होता.

त्याच्या मागोमाग गंगव्वा आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली. सव्वीस वर्षांपूर्वी गावातली तीन मुलं ओढ्याचं पाणी पिऊन दगावली होती. त्यातला बसू तिचा. त्यानंतर वरच्या अंगाचा, कापड रंगवायचा कारखाना बंद पडला. आता मालकाला तो पुन्हा सुरू करायचा होता. आमचं पाणी ओढ्यात कधी गेलंच नाही, असं त्यानं लिहून दिलं होतं. गावाच्या बाजूची कागदपत्रं सुहास बघत होता.

"चौगुले गुरुजींकडे तेव्हा नवा कॅमेरा आला होता," सुहास म्हणाला. "पोरं दगावली त्याच दिवशी सकाळी त्यांनी सहज ओढा शूट केला. गुरुजी गेले, ट्रंकेत ही कॅसेट सापडली. एवढा एकच पुरावा आहे आपल्याकडे."

"लाव."

पडद्यावर ओढा आला. काठावर चारपाच मुलं. सगळं राखाडी. चित्र खालच्या कडेला थरथरत होतं. पाणी कुठल्याही ओढ्याच्या पाण्यासारखं दिसत होतं.

"काय काय करून बघितलंस?"

"वायर बदलली. हेड साफ केलं. तीन सॉफ्टवेअर झाली. कॅमेऱ्याला डोळा लावून बघितलं, तर आतही काळंपांढरं."

"त्या भोकातून काळंपांढरंच दिसतं. कॅमेरा नवा कोरा असतानाही."

सुहासने कॅमेऱ्याच्या भोकाकडे पाहिलं.

"टीव्हीला जोडलास?"

"तसला टीव्ही आता कुणाकडे आहे?"

वस्तादांनी मागच्या फळीकडे पाहिलं. तिथं तीन होते.

"यायचं होतंस."

"वेळ नव्हता. सोमवारी सगळं दाखल करायचं होतं."

"केलंस?"

"केलं."

"हेच? राखाडी?"

सुहास टेबलावर सांडून घट्ट झालेलं सोल्डर नखानं खरवडू लागला.

"नाही... मी रंग भरला."

"कुठला?"

"लाल."

"लालच का?"

"अख्खं गाव सांगतं, ओढा लाल वाहायचा म्हणून. मी खोटं काही केलं नाही, वस्ताद. होतं ते परत जागेवर ठेवलं."

"तू बघितला होतास लाल?"

"मी तेव्हा जन्मलोही नव्हतो."

"आणि सोबतच्या कागदावर काय लिहिलंस?"

"चित्रणात कोणताही बदल केलेला नाही, असं प्रतिज्ञापत्र दिलंय." त्याचा आवाज चढला. "मग काय लिहायचं होतं? समोर चार वकील उभे असतात. राखाडी पाणी दाखवून तीन पोरांचा न्याय मागायचा?"

वस्तादांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"माझ्याकडून काय पाहिजे?"

"उद्या ते मूळ कॅसेट लावायला सांगणार. राखाडी निघाली की मी खोटा ठरतो. तुम्ही फक्त लेटरहेडवर लिहून द्या... कॅसेट जुनी, रंग उडाला होता, मूळचा लाल होता. तुमचं चाळीस वर्षांचं दुकान आहे. तुमच्या सहीला ते नाही म्हणणार नाहीत."

वस्तादांनी ड्रॉवरमधून लेटरहेड काढलं. पेनाचं टोपण काढलं.

सुहासने श्वास सोडला.

मग वस्तादांनी पेन तसंच कागदावर ठेवलं, कॅमेरा उचलला आणि उलटा केला. पोटावरची मळकी पट्टी अंगठ्यानं पुसली.

"वाच."

"एनटीएससी..."

"गुरुजींना हा कुणी दिला?"

"भावानं. अमेरिकेतून..." सुहास थांबला.

"तिकडचा कॅमेरा रंग तिकडच्या पद्धतीनं लिहितो. तुझा कॉम्प्युटर इकडच्या पद्धतीनं वाचतोय. चित्र निघतं. रंग निघत नाही." वस्तादांनी कॅमेरा सरळ ठेवला. "किती दिवस होता हा तुझ्याकडे?"

"तीन आठवडे."

"आणि एकदाही पालथा केला नाहीस."

सुहासला ते ऐकू आलं नसावं. तो लॅपटॉप ओढून सेटिंग शोधत होता. "म्हणजे रंग आहे आत. वस्ताद, रंग आहे. मग तुमचं पत्रच नको. मूळ कॅसेटच दाखवतो त्यांना."

इकडची पद्धत, 'पाल', लिहिलं होतं तिथं त्यानं तिकडची 'एनटीएससी' निवडली.

चित्राची थरथर थांबली.

ओढा निळा होता.

फिकट, स्वच्छ निळा. या काठापासून त्या काठापर्यंत.

सुहास बघत राहिला. मग त्याचा हात रंग कमीजास्त करायच्या पट्टीकडे गेला.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"काहीतरी अजून चुकलंय, वस्ताद."

"गवत बघ."

गवत हिरवं होतं.

"पोरांच्या चड्ड्या बघ."

खाकी होत्या.

वस्तादांनी मनगट सोडलं.

सुहास बाकावरच्या गंगव्वाकडे वळला. तिला साक्षीसाठी त्यानं चार वेळा तालुक्याला नेलं होतं. विचारलं आज पहिल्यांदा.

"मावशी, ओढा लाल होता ना?"

"हुता की," गंगव्वा म्हणाली. "लाल असायचा, हिरवा असायचा. वर जसलं कापड रंगवायचे, तसला."

"त्या दिवशी?"

तिला बाकावरून पडदा दिसत नव्हता. ती उठली आणि टेबलाकडे येऊ लागली.

सुहास वस्तादांकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "हे दाखवलं तर माझ्याच कागदानं मी आत जातो. ते म्हणतील, यांनी लाल बनवला, तसा हा निळाही बनवला." तो क्षणभर घुटमळला. "जुन्या कॅसेटा मशीनमध्ये अडकतात, वस्ताद. तुटतात. कुणी विचारत नाही..."

वस्तादांनी पेन उचललं. लिहू लागले. कॅसेटमधला रंग शाबूत आहे. पाणी निळं आहे. आधी दाखल केलेल्या प्रतीत लाल रंग नंतर भरलेला आहे.

सही केली. शिक्का मारला. कागद सुहासच्या पुढ्यात सरकवला.

"यानं मी संपेन."

"संपशील."

"आणि कारखाना सुरू होईल."

"होईलही."

"मग खऱ्याचा उपयोग काय, वस्ताद?"

"तू उपयोगासाठी आला होतास?" वस्ताद म्हणाले. "मला वाटलं, रंगासाठी."

सुहासने कागदाला हात लावला नाही.

गंगव्वा आता पडद्यासमोर उभी होती. काठावरच्या मुलांतला एक पुढं वाकला होता. त्यानं ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. हनुवटीवरून निळे थेंब ओघळले.

तिनं पडद्याला बोट लावलं नाही. रडली नाही.

"निळं हुतं, चांगल्या पाण्यावानी, म्हणून तर प्याला," ती म्हणाली. "लाल असतं तर म्या त्याला काठाला बी फिरकू दिलं नसतं."