विहिरीला फुटलेल्या पायऱ्या

“सुनेचा पायगुण बघा! ती आल्यापासून विहिरीला रोज नवी पायरी फुटतेय,” बेडकीण सासू शेजारणीला हळूच सांगत होती. गावातली पहिली पाणी उपसायची मोटार या विहिरीवर बसली, तेव्हाची ही गोष्ट. कपारीआडून ते ऐकून नवी सून भिंगरी लाजली. मग तिनं खाली पाहिलं आणि ती हादरलीच. तळाशी पिल्लं चिखलात तडफडत होती, आणि वर मोटार उसाला पाणी पाजतच होती.

सासरे ताज्या पायरीवर पाय पसरून म्हणाले, “घर कसं ऐसपैस झालं!”

इतके दिवस मान खाली घालून वावरणारी भिंगरी ओरडली, “मामंजी, पायऱ्या फुटत नाहीत, पाणी आटतंय! ऊस असाच पीत राहिला, तर उद्या तळालाही तुम्ही नवी पायरीच म्हणाल!”