सोललेल्या कांद्यांना पाने फुटली

सह्याद्रीच्या कुशीतल्या आंबेतळे गावच्या मठात केशरनाथ महाराज मुक्कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. गावात त्र्यंबकशास्त्री वैद्यांचे नाव मोठे, आणि त्या नावाचा त्यांना ताठाही तेवढाच होता.

त्यांची लेक यमुना माहेरी आली आणि दम्याने बेजार झाली. औषधाला रानकांदा हवा, म्हणून शास्त्रीबुवांनी ठाकरवाडीतल्या बुधीला सांगितले. बुधी महाराजांची भक्त. मठाचे अंगण रोज तीच झाडायची. तिने औषधाचे कांदे टोपलीत आणले. शास्त्रीणबाईंनी उंदरांसाठी मागितलेले विषारी कांदे दिसायला तसेच, म्हणून ते वेगळ्या फडक्यात बांधले. ती परसात पाणी प्यायला गेली, तेवढ्यात शास्त्रीबुवांनी सगळे एकत्र ओतून सोलूनही टाकले.

"बुवा, त्यात उंदरांचं बी हायेत," बुधी घाबरून म्हणाली.

"कांदा तो कांदा. आता ठाकरीण वैद्याला शिकवणार?" शास्त्रीबुवा हसले. "मग निवड पाहू तूच."

बुधी परातीवर वाकली. तिची सगळी ओळख सालीवर आणि पानावर; सोललेले सारे एकसारखे पांढरे. आत यमुनेची छाती घरघरत होती. बुधी तडक मठाकडे धावली.

"म्हाराज, पोर मरंल. आन् मलाबी आता वळखू येत न्हाय."

महाराज आले, तेव्हा शास्त्रीबुवांनी बत्ता उचलला होता. महाराजांनी खलावर हात ठेवला. मग परातीतले कांदे तुळशीपाशी ओल्या मातीत ओतून त्यांवर तांब्यातले पाणी शिंपडले आणि बुधीला म्हणाले, "बाई, आता बघ जरा."

काय सांगावे! पाहता पाहता प्रत्येक कांद्यावर साल चढली, हिरवी पाने फुटली. बुधी फतकल मारून बसली. पान चोळायचे, हुंगायचे, बाजूला ठेवायचे.

"यो दवाचा. यो उंदराचा. योबी उंदराचाच."

शेवटचा कांदा निवडला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

शास्त्रीणबाईंनी औषध कुटून दिले. दिवस मावळायच्या आत यमुनेला मोकळा श्वास येऊ लागला आणि तिने पेज मागितली. शास्त्रीबुवांच्या डोळ्यांना धार लागली. ते पाया पडायला वाकले, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

"कांदे कुणी निवडले, शास्त्रीबुवा?" महाराज म्हणाले.

शास्त्रीबुवा वळले आणि जमलेल्या साऱ्या गावादेखत बुधीपुढे वाकू लागले. ती चटकन मागे सरली.

"आदी हात धुवा, बुवा. कांदे सोलताना इख लागलंय."

शास्त्रीबुवा निमूटपणे हात धुऊन आले आणि पुन्हा वाकले.