दोन खांबांची झोळी

सकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी बेटावर बाळ रडलं, आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

“पण बाबा, ही पोर धरायची कुठल्या देशाची?” भार्गवने विचारलं.

“आधी मानेखाली हात घालून धर,” जमालबाबा म्हणाले, आणि बाळ त्याच्या हातात देऊन मोकळे झाले.

बेट ते केवढं! दोन अंगणं मावतील एवढा खडक. ना झाड, ना गोडं पाणी. पण त्याच्यावरून ऐलदेश आणि पैलदेश यांचं तीस वर्षांचं हाडवैर. ऐलदेशाने निळ्या निशाणाचा खांब रोवला, तर पैलदेशाने चार हातांवर पिवळ्या निशाणाचा. बाजूला बाबांची खोपी. अंधार पडला की दिवा लावायचा, होड्यांना वाट दाखवायची, एवढाच या फकिराचा संसार.

भार्गव त्यांचा जुना शिष्य. आता ऐलदेशाचा मोजणी अधिकारी झाला होता, आणि ते त्याच्या चालण्यातही दिसायचं. हुकूम घेऊन आला होता... दुपारी आपलं गलबत येईल, त्याच्या आत पिवळा खांब उपटून ठेव. खांब उपटला की लढाई पेटणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून आधी बाबांच्या पायांवर डोकं ठेवावं म्हणाला, मग उपटावा.

तर त्याच पहाटे एक होडी येऊन लागली. आत चांगुणा. सासर पैलदेशात, माहेर ऐलदेशात. पहिलटकरीण, माहेरी निघालेली, आणि वाटेतच कळा सुरू झाल्या. सासू बरोबर होती म्हणून निभावलं.

“नात आमची. पैलदेशाची!” सासू म्हणाली.

“पहिलं बाळंतपण माहेरचं असतं,” भार्गव म्हणाला. “आणि खडकही आमचाच.”

“खडक तुमचा ना? मग बाळंतविडा कुठाय?”

भार्गवने नुसतेच खिसे चाचपले.

“बाबा,” चांगुणा हलकेच म्हणाली, “खाली खेकडे आहेत हो. माझा डोळा लागला आणि एखादा बाळाच्या कानाला चावला तर? ओल पण किती आहे... कुठे ठेवू मी हिला?”

बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. झाड नाहीच. मग सासूचं जास्तीचं लुगडं मागून घेतलं. एक टोक निळ्या खांबाला बांधलं, दुसरं पिवळ्याला. मध्ये झोळी झाली.

बाळ आत ठेवलं... आणि रडं थांबलं.

“बाबा! तो शत्रूचा खांब आहे!”

“झोका दे.”

“मी अधिकारी आहे.”

“हात आहेत ना?”

भार्गवने एक झोका दिला. मग दुसरा. मग किती दिले, मोजणी अधिकारी असूनही त्याला कळलं नाही. चांगुणा कालपासून पहिल्यांदा झोपली.

दुपारी गलबत लागलं. गलबताचा म्होरक्या तांडेल वीस माणसं घेऊन उतरला. “भार्गवराव! खांब अजून उभाच? उपटा रे!”

“श्शू...” भार्गव म्हणाला. “आत्ता कुठे झोपलीय.”

वीस माणसं चवड्यांवर चालत आली. एका मिशाळ खलाशाने लुगड्याची कड उचलून आत डोकावलं.

“हसली! माझ्याकडे बघून हसली!”

“सटवाई हसवतेय तिला,” सासू म्हणाली. “तुझ्या मिशीला भुलायला ती वेडी नाही.”

माणसं तोंडावर हात धरून हसायला लागली.

तांडेलाने पिवळ्या खांबाला हात घातला. झोळी हलली. त्याने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

खांब जरासा कलला होता. तांडेलाने तो अलगद सरळ केला. मग गुडघ्यांवर बसला, आणि शत्रूच्या खांबाच्या बुडाशी एकेक दगड घट्ट बसवू लागला... आवाज न करता.

भार्गवचा हात झोळीवरच होता.

“बाबा, आता दरबारात जाऊन सांगू काय? बेट कुणाचं म्हणून सांगू?”

बाबांनी बाळाच्या तोंडावरची माशी वारली.

“सांग, बाराव्या दिवशी बारसं आहे. वरून बाळ द्यायला एक बाई इकडची लागेल, पाळण्याखालून घ्यायला एक तिकडची. दोन्ही काठांवर घरोघर निरोप दे... आणि घुगऱ्या जरा जास्तच भिजवा म्हणावं.”