हौदातला गाळ आणि बाईंची सही

एका नदीच्या काठी घोंगड्या विणणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथे धोंडाप्पा नावाचे एक शेठ राहत. माणूस कष्टाळू, मनाने चांगला, पण भारी घाईचा. आज पेरलं की उद्या माती उकरून बघणाऱ्यांतला.

गावात लोकर धुवायची ती रिठ्याच्या पाण्यात. तीन-तीनदा धुवावी लागे, बायकांचे हात सोलून निघत. धोंडाप्पांनी दोन वर्षं खपून एक द्रावण तयार केलं. लोकर एका पाण्यात लख्ख! आता प्रश्न एवढाच उरला होता, की हे द्रावण नदीच्या घाटावर वापरायचं का. घाटावर धुतलेलं सगळं खाली वाहत जाणार आणि खाली अर्ध्या कोसावर भोयांची वस्ती. ती माणसं त्याच नदीत मासे धरत आणि तेच पाणी पीत.

पंचायतीने शहाणपणा केला. द्रावण पाण्यात आपोआप संपून जातं असं तालुक्याच्या प्रयोगशाळेने लिहून दिलं तर वापरा, नाहीतर बाटलीला हात लावू नका, असं ठरलं.

प्रयोगशाळेत कुमुदबाई होत्या. वीस वर्षं पाणी तपासत आलेल्या. भोयांच्या वस्तीतला म्हातारा सटवाजी मुद्दाम चालत त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "बाई, आम्हाला त्यातलं काही कळत नाही. तुमची सही झाली की आम्ही पाणी पिणार. बघा, सगळी वस्ती पिणार."

"बघते," बाई म्हणाल्या.

ही तपासणी कशी करतात ते सांगतो, अवघड काही नाही. नदीत, गाळात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. पाण्यात पडलेली घाण तेच खाऊन संपवतात. तेव्हा तीन बाटल्या घ्यायच्या आणि तिन्हींत थोडा जंतूंचा गाळ घालायचा. पहिलीत नवं द्रावण. दुसरीत एक साधं रसायन, जे कुठलेही जंतू सहज फस्त करतात. तिला म्हणायचं ओळखीची बाटली. तिसरीत नुसतं पाणी आणि गाळ, तुलनेसाठी. मग बाटल्या अंधारात ठेवायच्या आणि जंतूंनी खाताना किती प्राणवायू ओढला ते मोजायचं. अठ्ठावीस दिवसांत द्रावणाच्या शंभर भागांतले साठ संपले, तर ते पास.

गाळ आणायचा असतो शहराच्या मैलापाण्याच्या केंद्रातून. पण त्या आठवड्यात प्रयोगशाळेची जीप बंद पडली होती. धोंडाप्पांना कुठला धीर! त्यांनी आपल्या कारखान्यामागच्या हौदातला गाळ दोन कॅन भरून पाठवून दिला. "बाई, जंतू ते जंतू. इथले काय आणि शहरातले काय," असा निरोपही सोबत. त्यात त्यांचं काही कपट नव्हतं हो, खरंच त्यांना तसं वाटत होतं. आणि बाईंनीही, वीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाईंनी, जीप दुरुस्त व्हायची वाट न बघता तो गाळ बाटल्यांत घातला.

सहा दिवसांत नव्या द्रावणाचे सत्तर भाग संपले. ओळखीची बाटली मात्र अजून पन्नासावरच रेंगाळत होती. बाईंना जरा नवल वाटलं. पण निकाल चांगला आला की माणूस खोलात जात नाही. त्यांनी धोंडाप्पांना कळवून टाकलं, "पास होईल असं दिसतंय. कागद या आठवड्यात देते."

धोंडाप्पा हरखले. त्यांनी बाईंना दुपारी जेवायलाच बोलावलं. धोंडाप्पांच्या पत्नी शिवाक्कांनी भाकरी, वांग्याचा रस्सा आणि ठेचा असा बेत केला होता. घरातली सगळी माणसं रस्सा ओरपत होती. तीन वर्षांची नातसुद्धा भाकरी बुडवून खात होती. बाईंनी पहिला घास घेतला मात्र, डोळ्यांतून घळाघळा पाणी. ठसका लागला, बोलता येईना.

शिवाक्का गूळ घेऊन धावत आल्या. "अगंबाई! तिखट लागलं? आमच्याकडे तर लेकरं खातात."

"खाणारच की," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांना रोजची सवय."

आणि त्यांचा हात तसाच थांबला. गुळाचा खडा तोंडात, पण लक्ष भलतीकडेच. मग त्यांनी विचारलं, "शेठ, द्रावण बनवायच्या तुमच्या भांड्यांचं धुवण कुठे जातं?"

"हौदात. दुसरीकडे कुठे? दोन वर्षं झाली."

बाईंनी ताट बाजूला सारलं. ज्या गाळाने आपण परीक्षा घेतली, तो दोन वर्षं हेच द्रावण पचवायला शिकलेला होता. म्हणून तर नवं द्रावण पुढे गेलं आणि ओळखीचं मागे राहिलं. बाटली ओरडून सांगत होती आणि आपण ऐकलं नाही. खाली वस्तीतली माणसं आपल्या सहीवर पाणी पिणार होती!

"शेठ, मी चुकले," त्या म्हणाल्या. "तपासणी रद्द. पुन्हा करायची, शहराच्या गाळाने."

धोंडाप्पांचा चेहरा उतरला. "अहो, पास झालं म्हणालात ना? आता सगळ्या गावाला सांगून बसलोय मी!"

"मीसुद्धा सांगून बसलेय. मीच जाऊन सांगते सगळ्यांना."

आणि त्या गेल्या. पंचायतीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "गाळ चुकीचा घेतला. चूक शेठची नाही, माझी आहे. महिनाभर थांबा." दोघं-चौघं हसले. वीस वर्षांत काय शिकल्या म्हणे! बाईंचे कान लाल झाले, पण त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, बोलणं पुरं करूनच निघाल्या.

जीप दुरुस्त झाली. शहराचा गाळ आला. अठ्ठावीस दिवस धोंडाप्पा एक दिवसाआड प्रयोगशाळेच्या दारात. शेवटी निकाल लागला. ओळखीची बाटली वेळेवर संपली. नव्या द्रावणाचे शंभरातले जेमतेम बावीस भाग गेले, बाकी तसंच.

"त्या गाळातले जंतूच मेलेले असतील!" धोंडाप्पा उसळले.

"मग ओळखीची बाटली कोणी संपवली?"

धोंडाप्पा मटकन बाकावर बसले. दोन वर्षांची मेहनत, आणि आता बायकांनी पुन्हा रिठ्याने हात सोलून घ्यायचे. बाईंनाही भारी वाईट वाटलं, पण सही त्यांनी केली नाही.

सोबत शिवाक्का आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नदीला पचत नाही, पण आपल्या हौदाला पचतंय ना? मग लोकर हौदापाशीच धुवा की! त्याने खाऊन संपवल्यावर पाणी सोडा नदीला. एवढं काय त्यात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वीस वर्षं पाणी तपासलेल्या बाई आणि दोन वर्षं खपलेले शेठ, दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

धोंडाप्पांनी हौदाशेजारी धुण्याचे कट्टे बांधले. या वेळी घाई केली नाही. हौदातलं पाणी बाईंनी लागोपाठ आठ आठवडे तपासलं. नदीकडे जाणाऱ्या पाण्यात द्रावणाचा मागमूस नाही, अशी खात्री झाली तेव्हाच त्यांनी लिहून दिलं: घाटावर वापरायचं नाही, हौदापाशी धुवायला हरकत नाही. खाली सही.

तो कागद घेऊन त्या स्वतः वस्तीवर गेल्या. सटवाजी नदीच्या काठावर जाळं सोडवत बसला होता. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"बाई, सही लई उशिरा आली."

"उशिरा आली, म्हणूनच पाणी प्या," बाई म्हणाल्या.

सटवाजीने ओंजळ भरली आणि प्याला. मग बाईंनीही त्याच्याशेजारी बसून ओंजळ भरली.

तात्पर्य: ज्यांना आपली सवय झाली आहे, त्यांनी पास केलं म्हणून आपण खरे उतरलो असं समजू नये, परीक्षा परक्यांपुढे द्यावी. आणि ज्याच्या शब्दावर दुसरे पाणी पितात, त्याने आपली चूक कळताच आपल्याच तोंडाने सांगून टाकावी.