अमावास्येची ओळख

विहिरीवरची मोटार चोरल्याचा आळ आला, म्हणून गेनबा पहिल्यांदाच तालुक्याच्या कोर्टात आला. परगावचा टोपल्या विकणारा माणूस तो. डोक्यात तुरुंगाची धास्ती, आणि इथं कुणापुढं हात जोडायचे तेच कळेना. शिपायानं नाव पुकारलं, तसा तो गांगरून मागच्याच बाकावर बसला. आरोपीच्या पिंजऱ्यात आधीच्या खटल्यातला माणूस अजून उभा होता, जामिनाच्या कागदाची वाट बघत.

फिर्यादी बापूसाहेब, माजी सरपंच, मिशीला पीळ देत साक्षीला उभे राहिले.

वकिलांनी विचारलं, "चोराला ओळखाल?"

"न ओळखायला काय झालं? अमावास्येच्या रात्री लांबून पाहिलाय. हाच तो!" त्यांनी थेट पिंजऱ्याकडं बोट केलं.

मागून गेनबा चाचरत उठला. "साहेब, गेनबा मी आहे."

न्यायाधीश चमकले. "मग पिंजऱ्यात का नाही उभा राहिलास?"

"चुकलो, साहेब. मला भर दुपारी पिंजरा ओळखता येईना, आणि बापूसाहेबांना अमावास्येला चोर ओळखता आला!"

बापूसाहेबांचं बोट अजून पिंजऱ्याकडंच होतं.