विहिरीवरची पहिली गाठ

मार्गदर्शक म्हणून मिरवायचं आणि शिकणारा अडला की त्याच्याकडे पाठ फिरवायची, याची लाज कशी वाटत नाही? हे काही आजचं नाही. विहिरींना कठडे नव्हते, तेव्हाही एका विहिरीवर झुकलेल्या बाभळीत हेच चालत होतं.

त्या बाभळीत सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. म्हातारे आबा तिथले मार्गदर्शक. तरुण पिवळ्याचं घरटं बांधायचं ते पहिलंच वर्ष. घरटं टिकलं नाही तर एकही मादी त्याच्याकडे येणार नव्हती. तो जीव लावून विणायचा, पण फांदीवरची गाठ तुटायची आणि घरटं विहिरीत पडायचं.

"आबा, एकदा येऊन बघता का?"

"अरे, स्वतःवर विश्वास ठेव! जिद्द हवी, जिद्द!" आबा शेंड्यावरून म्हणायचे. खाली मात्र कधी उतरले नाहीत.

हळूहळू शेजारच्या घरट्यांतून पिल्लांची चिवचिव ऐकू येऊ लागली. पिवळ्याची फांदी तेवढी रिकामी राहिली. पुन्हा एक घरटं पडलं, तेव्हा तो विहिरीच्या काठावर नुसता बसून राहिला.

पाण्यातून एक कासवीण वर आली.

"विणकाम मला येत नाही रे बाबा," ती म्हणाली. "पण तुझी सगळी घरटी माझ्याच पाठीवर पडतात. गाठीतलं गवत दरवेळी वाळकं असतं, म्हणून तुटतं. आता हिरवं आण. तू गाठ मारेपर्यंत मी इथंच वर बघत थांबते."