रिकामे महिरपी कंस

एकदा एका तालुक्याच्या गावी जावा ही संगणकाची भाषा शिकवणारे एक वृद्ध गुरुजी एकटेच राहत होते. पत्नी निवर्तलेली, मुलं परदेशी. त्यांच्या एका शिष्याने अशाच एकट्या वृद्धांसाठी एक सेवा उभारली होती; गुरुजीही ती वापरत. मोबाईलवर ‘आज भेटीला कोण येणार?’ असं विचारलं की सर्व्हर जेसन नावाच्या, महिरपी कंसांच्या ठरावीक मांडणीत उत्तर पाठवी आणि पडद्यावर स्वयंसेवकाचं नाव उमटे. शिष्याला या कामाचा अभिमान होता, जरा वाजवीपेक्षा जास्तच.

एका सकाळी तो म्हणाला, “सर, सोमवारपासून ही सेवा सगळ्या जिल्ह्यात सुरू करायचीय. करू ना?”

गुरुजींनी एक कागद पाकिटात घातला, वर शिष्याचं नाव लिहिलं आणि पाकीट त्याच्या हाती दिलं. घरी जाऊन उघडतो तो काय, कागद कोरा! होकार म्हणावा तर अक्षर नाही, नकार म्हणावा तर तोही नाही. दोन दिवस त्याला घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो तडक गुरुजींकडे गेला. दार सताड उघडं होतं. टेबलावर दोन कप मांडलेले, आणि गुरुजी दाराकडे तोंड करून बसलेले.

“सर, नापसंत असेल तर तसं सांगा. हा कोरा कागद कशाला?”

“कोणीच येणार नसेल, तर तुझा सर्व्हर काय पाठवतो?”

“रिकामे महिरपी कंस. आणि सोबत दोनशे हा संकेतांक, म्हणजे सगळं ठीक. नाहीतर ॲप बंद पडतं.”

“ॲपला जपलंस रे, पण इकडे माणूस तिष्ठत बसला. तीन दिवस माझा पडदा कोरा आहे. वाटतं, नाव येतच असेल. म्हणून दार लोटवत नाही, जेवायला बसवत नाही. ‘आज कोणी नाही’ एवढं कळलं असतं, तर वाईट वाटलं असतं, पण वेळेवर जेवलो असतो. एकट्या माणसाला नकार सोसतो, कोरं उत्तर नाही सोसत.”

शिष्य खाली मान घालून परतला. निरोप वाचून गप्प बसणाऱ्या आपल्यासारख्यांनीही मान खाली घालावी असंच ते बोलणं होतं. त्याच संध्याकाळी त्याने दुरुस्ती केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला. दार लोटलेलं होतं. खिडकीतून त्याला दिसलं, टेबलावर एकच कप आहे आणि गुरुजी शांतपणे जेवताहेत. बाजूला मोबाईलवर अक्षरं होती : ‘आज कोणी येणार नाही.’

उत्तर आता बिनचूक होतं. ते बदलणं मात्र सर्व्हरच्या हाती नव्हतं.

शिष्याने कडी वाजवली.